मधला गुरुवार

‘वहिनी, आबांच्या पासपोर्टातलं व्हिसाचं पान तेवढं मेल करा. शनिवारच्या विमानाला लागेल.’

तिकिटं काढून देणाऱ्या परेशचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवरून येऊन नुकतं चहाचं आधण ठेवलं होतं. वार बुधवार. आबा, म्हणजे माझे सासरे, मागच्या अंगणात नळाखाली स्वतःचं धोतर स्वतः पिळत होते. घरात वॉशिंग मशीन होतं, पण त्याच्यात घातलेल्या धोतराला धोतराचा वास राहत नाही असं त्यांचं म्हणणं.

मी कपाटातून त्यांची प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत पासपोर्ट, जमिनीचा सातबारा आणि सासूबाईंचा फोटो, तिन्ही एकाच रबरात बांधलेले. पासपोर्ट उघडला, व्हिसाचं पान शोधलं आणि सवयीनं वाचलं. आम्हा नर्सेसना औषधाच्या बाटलीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत सगळ्यावरची तारीख वाचायची खोड असते. वर लिहिलं होतं, कायमचा रहिवासी. खाली बारीक अक्षरात, या तारखेनंतर देशात प्रवेश नाही. ती तारीख मागच्याच आठवड्यातली होती.

चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

आता हे नीट सांगायला हवं, कारण तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं. ऑस्ट्रेलियाचा कायमचा व्हिसा म्हणजे राहायला कायमचा. मरेपर्यंत राहा, कुणी ऊठ म्हणणार नाही. पण बाहेर जाऊन परत यायची मुभा फक्त पाच वर्षांची. ती संपली की परतीचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि पाच वर्षांतली दोन वर्षं इथं काढलेल्यालाच तो सुखासुखी मिळतो. बाकीच्यांनी आपलं इथं काय नातंगोतं आहे ते पटवून द्यायचं. नाही पटलं तर गेलेला माणूस गेला. पुन्हा पहिल्यापासून अर्ज केला तर म्हाताऱ्या आईबापांची रांग तेव्हा दहा-पंधरा वर्षांची होती आणि आबांना एकाहत्तरावं लागलेलं. माझा नवरा धैर्यशील आणि मी केव्हाच नागरिक झालो होतो. आमच्या पासपोर्टांवर असलं काही नव्हतंच, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

आणि आबांनी जायला तर हवंच होतं. कोल्हापूरकडच्या त्यांच्या गावात चैत्र पौर्णिमेला भैरवनाथाची जत्रा असते. पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराण्याचा. देवळाच्या दारापासून पारापर्यंत तो दांडा आबांच्या खांद्यावर, त्याआधी त्यांच्या वडिलांच्या, त्याआधी आजोबांच्या. पण मान नुसता जन्मानं राहत नाही. मानकरी लागोपाठ दोन जत्रा गैरहजर राहिला की खांदा भाऊबंदांकडे जातो. आदल्या वर्षी आबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू इथंच काढले आणि जत्रा हुकली. यंदा गेले नाहीत तर मान जाणार. गेले आणि व्हिसा नसला तर घर जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते प्रकरण.

मी आबांच्या पासपोर्टावरचे शिक्के बघून कॅलेंडर घेऊन दिवस मोजले. दोन वर्षांचे सातशे तीस लागतात. आबांचे भरले सहाशे ऐंशी.

मी चहाचं भांडं पुसलं, पासपोर्ट पिशवीत ठेवला, रबर लावलं आणि कपाट बंद केलं. परेशला ते पान मेलही केलं. त्यानं बघितलं तर बघेल, मी मनात म्हटलं. त्यानं बघितलं नाही.

सुंठीवाचून खोकला चालला होता.

मला वाईट म्हणायच्या आधी माझंही ऐका. आधीची चार वर्षं आबा वर्षाकाठी तीन महिने यायचे. पाहुण्याचे तीन महिने कुणीही हसत काढतं. पण डोळ्यांच्या निमित्तानं ते अकरा महिने सलग राहिले आणि माझ्या नाकी नऊ आले. त्यांचा त्रास असा काहीच नव्हता, हाच मोठा त्रास. ते माझ्याशी बोलायचे नाहीत. भांडण म्हणून नाही, रीत म्हणून. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नसतं. आमची मृणाल घरात असली तर, ‘मृणाल, आईला सांग, मीठ कमी हाय.’ धैर्यशील असला तर, ‘धैर्या, सूनबाईला म्हणावं, दळण संपलं.’ आणि घरात आम्ही दोघंच असलो की ते फ्रिजला सांगायचे. ‘आज काय च्या हाय का न्हाई कुणास ठावं.’ मीही फ्रिजलाच उत्तर द्यायचे, ‘ठेवलाय, दोन मिनिटं.’ पाच वर्षांत त्या फ्रिजनं जेवढं ऐकलं तेवढं एखाद्या तलाठ्यानंसुद्धा ऐकलं नसेल.

खोलीत यायच्या आधी ते दाराबाहेर खाकरायचे. ते खाकरणं ऐकलं की सोफ्यावर पसरलेले माझे पाय आपोआप खाली यायचे. मी हॉस्पिटलात बारा-बारा तास उभी. घरी येऊन ओढणी सावरून ताठ बसायचं. मेलबर्नसारख्या शहरात, माझ्या स्वतःच्या घरात, मला पाय पसरून बसता येत नव्हतं. तिकडं गावात त्यांचं घर होतं, पुतण्याचं कुटुंब होतं, मळा होता. म्हणजे मी काही त्यांना रस्त्यावर टाकत नव्हते. मी फक्त मूग गिळून गप्प बसणार होते.

संध्याकाळी धैर्यशीलचा फोन आला. तो पश्चिमेकडं खाणीत इंजिनिअर, दोन आठवडे तिकडं आणि एक आठवडा घरी.

‘आबांची तयारी झाली?’

‘झाली.’

‘कागदपत्रं बघितलीस ना सगळी?’

‘बघितली,’ मी म्हटलं. खोटं काहीच बोलले नाही, आणि खरंही नाही.

गुरुवारी मला सुट्टी होती. आख्खा दिवस मी घरात उगीच कामं काढत फिरले. बेसिन घासलं, पडदे धुतले. आपण परतीच्या तारखेचं बोललो नाही तर कुणाला काय कळणार, हे मी दर तासाला स्वतःला सांगत होते आणि दर तासाला ते थोडं कमी पटत होतं. संध्याकाळी आबांची बॅग भरणं चाललं होतं. मृणाल त्यांना मदत करत होती. मी दाराशी घडी केलेले टॉवेल घेऊन उभी.

‘आबा, हा स्वेटर राहिला,’ मृणाल म्हणाली.

‘ऱ्हाऊ दे. तिथं काय करायचा चैतात? आल्यावर लागंल.’

‘आणि हा चष्मा?’

‘त्यो बी इथला. गावचा गावात हाय.’

मृणाल एकेक वस्तू उचलत गेली आणि आबा ‘आल्यावर लागंल’ म्हणत गेले. गरम टोपी, पायमोजे, मसाल्याच्या डब्यात ठेवलेला ओवा. बॅगेत अर्धा भाग रिकामा राहिला. तो त्यांनी माझ्या हातानं विकत आणलेल्या साबणांनी भरला, गावात वाटायला. परत येणारा माणूस जसं सामान भरतो तसं त्यांनी भरलं होतं. मला तिथं उभं राहवेना. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी स्वयंपाकघरात गेले. आबा पाणी प्यायला येईपर्यंत मी थांबले आणि फ्रिजकडं बघून म्हणाले, ‘आबांच्या व्हिसाची तारीख संपलीय. उद्या सकाळी शहरात ऑफिसला जायला लागेल. नाहीतर परत येता यायचं नाही.’

आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. थोडा वेळ फ्रिजकडंच बघत राहिले. ‘किती वाजता निघायचं?’ त्यांनी विचारलं.

शुक्रवारी आम्ही दोघं ट्रामनं गेलो. आबांनी कडक इस्त्रीचा सदरा, वर काळं जाकीट आणि पटका घातला होता. मी सांगून बघितलं, म्हणजे मृणालकरवी सांगून बघितलं, की टोपी चालेल. ‘सरकारी कामाला जायाचं तर पटका पायजे,’ असं उत्तर मृणालकरवीच आलं. ऑफिसात गर्दी होती. आम्ही नंबर घेतला आणि दोन खुर्च्यांवर, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसलो.

नंबर लागला तेव्हा काचेपलीकडं एक पन्नाशीच्या बाई होत्या. छातीवर लोरेन अशी पट्टी, चष्मा साखळीला लटकवलेला. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, पासपोर्टाची पानं उलटली.

‘यांना इंग्रजी येतं?’

‘नाही. मी सांगते ना त्यांना.’

‘तुम्ही कोण?’

‘सून.’

‘मग नाही चालणार,’ बाई म्हणाल्या. ‘घरच्यांनी दुभाष्याचं काम करायचं नाही. आपण फोनवर घेऊ कुणाला तरी.’

खरं सांगते, मी सगळी तयारी त्याच भरवशावर केली होती. आबा काहीही बोलोत, मी ते इंग्रजीत गोड करून सांगणार होते. समाजसेवा, मंडळाचा गणपती, नातीवरचे संस्कार, सगळं डोक्यात मांडून ठेवलं होतं. बाईंनी फोन फिरवला आणि पाचेक मिनिटांत काउंटरवरच्या स्पीकरच्या डबीतून एक बायकी आवाज आला, शुद्ध, ठणठणीत, सदाशिव पेठेतला.

‘नमस्कार. मी मराठी दुभाषी बोलते आहे. इथं जे बोललं जाईल ते सर्व मी जसंच्या तसं सांगेन. माझ्या पदरचं काही घालणार नाही आणि काही गाळणारही नाही.’

आबांनी पटका सारखा केला आणि फोनकडं वाकले. ‘नमस्कार बाई. गाव कुठलं तुमचं?’

‘मला वैयक्तिक माहिती देता येत नाही.’

‘बरं. आडनाव तरी?’

‘तेही सांगता येत नाही.’

आबा मागं टेकले. ‘नाव न्हाई, गाव न्हाई. हिच्यावर इस्वास ठेवायचा कसा?’

दुभाषी बाईंनी ते वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. लोरेनबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्यांनी विचारलं, भारतात कशाला जाताय?

आबांनी सांगितलं. पालखी, पार, उजवा खांदा, तीन पिढ्या, गुलाल-खोबरं, लेझीम, काही सोडलं नाही. दुभाषी बाईंची पहिल्यांदाच धांदल उडाली. त्यांनी ‘उजव्या खांद्याचा सन्मान’ असं काहीतरी केलं. लोरेनबाई लिहायच्या थांबल्या.

‘खांद्याला काही दुखापत आहे का?’

‘न्हाई हो,’ आबा म्हणाले. ‘खांदा ठणठणीत हाय. म्हणून तर जातोय.’

मग मुद्द्याचं आलं. पन्नास दिवस कमी पडतायत, बाई म्हणाल्या, तेव्हा तुमचं इथं काय आहे ते मला कळायला हवं. नोकरी? धंदा? मालमत्ता?

‘काय बी न्हाई,’ आबा म्हणाले. ‘घर पोराचं. गाडी सुनंची. माजं म्हणावं असा एक चपलांचा जोड हाय, त्यो घालूनच आलोय.’

मी काउंटरखाली कपाळाला हात लावला. इथं घोडं पेंड खाणार होतं आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

‘इथल्या लोकांशी काही संबंध?’

‘सकाळी दाराच्या पायरीवर बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालतो.’

‘ते काय म्हणतात?’

‘ते बी राम रामच म्हणत्यात. आधी हात हलवायचे. आता शिकल्यात.’

लोरेनबाईंनी हेही लिहून घेतलं. त्यांनी पुन्हा पासपोर्टाचं ते पान उघडलं, तारखेवर पेन टेकवलं आणि मान वर करून एकदम माझ्याकडं बघितलं.

‘मुभा गेल्या आठवड्यात संपली. विमान उद्या. इतक्या उशिरा का आलात? तुम्हाला हे कधी कळलं?’

सरकारी बाईनं विचारलं आणि मी सरळ उत्तर दिलं. इंग्रजीत. ‘बुधवारी.’

डबीतून तो ठणठणीत आवाज आला. ‘मला बुधवारी कळलं.’

दुभाष्याचा तसा नियमच असतो. ‘त्या म्हणतात’ वगैरे नाही, जो बोलतो त्याच्याच तोंडानं बोलायचं. माझं वाक्य मराठीत फिरून आबांच्या पुढ्यात जाऊन पडलं. हे असं होणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आबा दोन्ही हातांचे पंजे गुडघ्यावर ठेवून बसले.

‘बुधवारी,’ ते हळूच म्हणाले. ‘मला सांगितलं गुरुवारी दिवस मावळताना. मधला एक गुरुवार आख्खा गेला की.’

दुभाषी बाईंनी तेही सांगितलं. लोरेनबाईंना त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. शेजारच्या काउंटरवर कुणीतरी फोटोकॉपीवरून हुज्जत घालत होतं.

‘शेवटचा प्रश्न,’ लोरेनबाई आबांना म्हणाल्या. ‘तुम्हाला ऑस्ट्रेलियात परत येऊन राहायचं आहे का?’

आबांनी विचार केला. ते रागावलेले दिसत नव्हते. एखाद्याला मळ्याची हद्द समजावून सांगावी तितक्या शांतपणे ते फोनला म्हणाले, ‘ते मला कशाला इचारता? येणं माज्या हातात हाय, पण ठेवून घेणं माज्या हातात न्हाई. घर तिचं हाय. चूल तिची. गुरुवारी तिच्या मनात काय व्हतं ते तिला ठावं. तिला इचारा. ती या म्हणली तर येतो. न्हाई म्हणली तर ह्यो शिक्का नगंच आमाला, उगं तुमची शाई कशाला.’

दुभाषी बाईंनी सांगितलं. लोरेनबाई माझ्याकडं वळल्या.

मी इंग्रजी जुळवायला लागले. ‘ऑफ कोर्स’ असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. ते तोंडातून फुटेना. ऑफ कोर्स कुठलं? आख्खा गुरुवार मी काय करत होते ते मला ठाऊक होतं, आणि आता त्यांनाही. मी खुर्ची फिरवली आणि आबांकडं तोंड केलं. लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती. इतक्या समोरून मी त्यांचा चेहरा कधी बघितलाच नव्हता. उजव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण होती, तीही मला तेव्हा दिसली.

‘आबा,’ मी म्हणाले, ‘बुधवारी मी तारीख बघितली आणि कपाट बंद केलं. तुम्हाला सांगितलं नाही, तुमच्या लेकालाही नाही. मला वाटलं, तुम्ही जावं आणि तिकडंच राहावं. कुणी मला नावं ठेवली नसती. मला माझ्या घरात पाय पसरून बसायचं होतं, बास, एवढ्यासाठी. काल तुम्ही स्वेटर मागं ठेवलात आणि मला माझीच किळस आली. तुम्ही काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेते. पण परत या.’

दुभाषी बाईंनी घसा साफ केला.

‘मॅडम, हे मला जसंच्या तसं सांगावं लागेल.’

‘सांगा,’ मी म्हटलं.

आणि त्यांनी सांगितलं. ‘मी’ म्हणूनच. मी कपाट बंद केलं, मला वाटलं तुम्ही तिकडंच राहावं, मला पाय पसरून बसायचं होतं. माझी लबाडी एका अनोळखी बाईच्या तोंडून, स्वच्छ इंग्रजीत, सरकारी ऑफिसात मी ऐकत बसले. त्यांनी खरंच काही गाळलं नाही. फक्त शेवटच्या ‘परत या’ला त्यांचा तो कडक आवाज जरा बसला.

लोरेनबाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. अर्जावरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं.

‘इथं वैयक्तिक संबंध असं लिहिलंय,’ त्या म्हणाल्या. ‘दिवसभर लोक मला इथं घरांचे फोटो आणि बँकेचे कागद दाखवतात. हा रकाना आज मी भरते.’

एक वर्षाचा परतीचा व्हिसा मिळाला. पुढच्या वेळी मात्र दिवस मोजून या, त्यांनी आबांना बजावलं. पाचात दोन वर्षं भरली की मग पाच वर्षं कुणी काही विचारणार नाही. आबांनी ते दुभाषीकडून दोनदा वदवून घेतलं. आणि निघताना फोनला म्हणाले, ‘बाई, नाव नगा सांगू, पण तुमच्यावर इस्वास बसला बगा.’

ट्राममध्ये आम्ही पुन्हा एक सीट सोडून बसलो. आबा खिडकीतून बघत होते. शनिवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं, पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, आणि एक शब्द न बोलता आत गेले.

शिक्का पासपोर्टात होता, पण आबा येणार की नाही हे त्या शिक्क्यावर लिहिलेलं नव्हतं. परतीचं तिकीट दसऱ्यानंतरचं होतं. गावात मळा होता, माणसं होती आणि इकडं मी होते, जिनं भर ऑफिसात त्यांना असलं काही ऐकवलं होतं. मी त्यांच्या जागी असते तर आले नसते. धैर्यशील घरी आला, त्यानं गावाकडं फोन लावला. जत्रा झोकात झाली, आबा म्हणाले. बाकी काही नाही. त्या गुरुवारचं आबांनी त्याला कधीच सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, आज पहिल्यांदा सांगतेय.

घर मोकळं झालं होतं. मी सोफ्यावर पाय पसरून बसले, चांगले दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच फ्रिजला म्हणाले, ‘चहा ठेवू का?’ आणि मग माझं मलाच रडू आलं.

विसाव्या दिवशी परेशचा फोन. ‘वहिनी, आबांनी गावाकडून तिकीट अलीकडं करून घेतलंय. मंगळवारी सकाळी उतरतात. तुम्हाला ठाऊक आहे ना?’

मला कुठलं ठाऊक. धैर्यशील पुन्हा खाणीत गेलेला. मंगळवारी मी एकटीच विमानतळावर. दारातून माणसं येत होती, सुटाबुटातली, पेंगुळलेली, आणि त्यांच्यामागून तो पटका. आबा ट्रॉली ढकलत सरळ माझ्यापुढं येऊन उभे राहिले. आजूबाजूला मृणाल नव्हती, धैर्यशील नव्हता, फ्रिज तर नव्हताच.

‘दमलीस का गं?’ त्यांनी विचारलं. मला. मलाच.

‘मी कशाला दमते? तुम्ही आलात एवढ्या लांबून,’ मी म्हणाले. ‘जत्रा कशी झाली?’

‘झ्याक. पालखी घेतली खांद्यावर. देवळापासनं पारापर्यंत नेली.’ ते ट्रॉलीच्या दांड्यावरून हात फिरवत थांबले. ‘आन पारावर गाव जमलं व्हतं, तवा दांडा पांडबाच्या पोराच्या खांद्यावर दिला. सगळ्यांदेखत. म्हणलं, इथनं फुडं ह्यो मान ह्याचा.’

मी चालायची थांबले. पांडबा म्हणजे चुलत घर, ज्यांच्याकडं तो खांदा जाऊ नये म्हणून सगळा आटापिटा होता.

‘आबा, अहो, तीन पिढ्यांचा मान. दिलात कशाला? आता व्हिसा होता की तुमच्याकडं. दरवर्षी जाऊन आला असता.’

‘जाऊन येनारा मानकरी नसतो गं. तिथं बी दिवस भरावं लागत्यात, हितं बी भरावं लागत्यात. दोन्हीकडचं मोजत बसलो तर ऱ्हायाचं कवा?’ ते माझ्याकडं बघत होते, डोळ्यांत डोळे घालून, मोतीबिंदू काढलेल्या स्वच्छ डोळ्यांनी. ‘आन पालखीचं काय, ती कुणाच्या बी खांद्यावर जाती. मी न्हवतो तवा गेल्या साली गेलीच की. परत या असं मला कुणी म्हणलं न्हाई तिथं. तू म्हणलीस. मनात वाईट आलेलं समद्यांसमोर सांगून मग म्हणलीस. म्हंजे ते खरं असणार.’

मी ट्रॉली त्यांच्या हातातून घेतली आणि पार्किंगकडं चालायला लागले. पहिल्या मजल्यावर गाडी नव्हती. दुसऱ्यावरही नव्हती, किंवा असेल, मला समोरचं काही दिसत नव्हतं, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. मी एकाच रांगेतून तिसऱ्यांदा गेले तेव्हा आबांनी माझ्या कोपराला धरून थांबवलं.

‘रड, पण जरा वेळानं,’ ते म्हणाले. ‘आधी गाडी कुठल्या मजल्यावर लावलीस ते आठव.’